चौथी दोरी कुठं बांधायची?

मुलानं नागपुरात फ्लॅट घेतला. फर्निचरचं काम सुरू झालं तेव्हा सुतार टेप घेऊन खोलीखोलीत फिरत होता. इथं कपाट, तिथं टीव्ही, असं वहीत लिहून घेत होता. आम्हा म्हातारा-म्हातारीच्या खोलीत आल्यावर त्यानं विचारलं, "काका, तुमचं काही?"

"चार हुक," मी म्हटलं. "पलंगाच्या चार कोपऱ्यांच्या वर. मच्छरदाणीला."

सुतार थांबला. सूनबाईला हसू आवरेना. "बाबा, सहाव्या मजल्यावर कुठले आले डास? आणि ते प्लगला लावायचं आहे की."

आहे खरं. पण सवयीला काय करता? बत्तीस वर्षं एटापल्ली तालुक्यात आरोग्य सेवक म्हणून काढली. लोकांच्या घरात शिरलो की माणसाच्या आधी नजर वर जायची. आढं कुठं, मयाल कुठं, दोरी कशाला बांधता येईल. अजूनही लग्नाच्या कार्यालयात झोपायची खोली दाखवली की मी आधी खिळे मोजतो. तीन जागा कुठंही सापडतात. चौथी सापडत नाही. माझ्या अख्ख्या नोकरीचं सार विचाराल तर ते एवढंच, की चौथी दोरी कुठं बांधायची.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा निघाला. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची हे तालुके छत्तीसगडला लागून. जंगल, नाले, धानाच्या बांध्या आणि लांब लांब टोले, म्हणजे छोट्या वस्त्या. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात; पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडचं जग तुटतं. सरकारी कागदावर ज्याला हिवताप म्हणतात तो मलेरिया या भागाचा जुना पाहुणा. पाहुणा कसला, घरजावईच.

शहरातला माणूस मलेरिया म्हटलं की गटाराकडे बोट दाखवतो. गटारातला डास वेगळा, तो हत्तीरोगाचा. मलेरियाच्या डासिणीला (मी डासीणच म्हणतो, कारण चावते ती मादीच) तुलनेनं स्वच्छ पाणी लागतं. नाल्याच्या काठाला थबकलेलं, बांधीत साचलेलं, खडकाच्या खळग्यात राहिलेलं. मुंबईत हेच काम गच्चीवरच्या उघड्या टाक्या करतात. आणि ती येते रात्री. गाव निजलं, विस्तव मंदावला, की मग. म्हणून तर मच्छरदाणीला अर्थ आहे. डेंग्यूचा डास दिवसाढवळ्या चावतो, त्याच्यापुढं रात्रीची मच्छरदाणी फारशी कामाची नाही. पण हिची वेळ आणि आपल्या झोपेची वेळ एकच.

मी नोकरीला लागलो तेव्हा भर फवारणीवर होता. डीडीटीचा पंप पाठीवर घेतलेली मजुरांची टोळी गावात आली की बायका भांडी, धान, कोंबड्या बाहेर काढायच्या. भिंतीवर पांढरे पट्टे उमटायचे. डासीण रक्त पिऊन जड झाली की भिंतीवर टेकते, तिथं तिला औषध लागावं, असा हिशेब. पण सण तोंडावर आला की घरची बाई भिंत मातीनं पोतारून काढायची. का नाही काढणार? तिचं घर, तिची भिंत, आणि वर आमचे ते घाण वासाचे पट्टे. औषध मातीखाली गाडलं जायचं आणि आमच्या रजिस्टरात घर 'फवारलेलं' राहायचं. पुढं तर डीडीटीला डासही दाद देईनासे झाले.

मग आलं मच्छरदाण्या बुडवायचं काम. आजच्या पोरांना हे माहीत नाही. कारखान्यातून औषध लावून येणाऱ्या मच्छरदाण्या नंतरच्या. त्याआधी लोकांकडे असलेल्या, किंवा सरकारनं दिलेल्या साध्या मच्छरदाण्या आम्ही गावात जाऊन डेल्टामेथ्रिनच्या पाण्यात बुडवून द्यायचो. औषध अडीच टक्क्यांचं, पातळ, दुधासारखं. एकेरी मच्छरदाणीला दहा मिली, दुहेरीला पंधरा. नायलॉनची असेल तर साधारण अर्धा लिटर पाणी पुरतं, सुती असली की ती बकरीसारखी पाणी पिते. हातमोजे घालून टबात कालवायची, निथळू द्यायची नाही, सावलीत चटईवर आडवी पसरून वाळवायची. दोरीवर टांगली की औषध खाली गळून जातं आणि वरचा भाग कोरा राहतो. दर सहा महिन्यांनी हाच कार्यक्रम.

एका टोल्यावरचा कार्यक्रम मी मरेपर्यंत विसरणार नाही. शाळेच्या अंगणात टब मांडला होता. चाळीसेक मच्छरदाण्या झाल्या. दुपार टळली, परतायला आठ-नऊ किलोमीटर पायवाट. टबात तळाशी पाणी उरलेलं. नियम असा, की उरलेलं औषधाचं पाणी वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर खड्डा खणून त्यात ओतायचं. नियम मला पाठ होता. पण कुदळ कोण आणणार, खड्डा कोण खणणार? बाजूला नाला वाहत होता. म्हटलं, वाहतं पाणी आहे, जाईल निघून. ओतलं. टबही तिथंच विसळला.

नाला वाहता होता, पण वळणावर त्याचा एक डोह होता. हे मला नंतर कळलं. दुसऱ्या आठवड्यात त्या गावात गेलो तर कुणी जोहार घालेना. एरवी पोरं दुरूनच "सुईवाला, सुईवाला" म्हणून ओरडायची, ती आईच्या मागं. शेवटी गावातल्या आरोग्य कार्यकर्तीनं, आशाताईनं सांगितलं. त्या डोहात बायका मासे धरायच्या. मी गेल्यावर संध्याकाळी लहान मासे पोट वर करून तरंगायला लागले. रात्री सगळं गाव टेंभे घेऊन बघायला आलं. एकानंही ते खाल्ले नाहीत, ही त्यांची अक्कल. एक म्हातारी माझ्यासमोर येऊन बसली आणि माडियात शांतपणे बोलत राहिली. आशाताईनं एका ओळीत सांगितलं: "ती म्हणून राहिली, डास मारायचं औषध मासे मारते, तर मग माणसाले काय करीन?"

माझ्याकडे उत्तर होतं. डेल्टामेथ्रिन माशांना फार लवकर लागतं आणि माणसाला, जाळीवर असतं तेवढ्या मात्रेत, धोका करत नाही. पण खड्डा न खणणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला कोण तयार होईल? त्या गावानं पुढची दोन वर्षं एकही मच्छरदाणी बुडवायला दिली नाही. त्या दोन वर्षांतला तिथला ताप माझ्या खात्यावर लिहिलेला आहे असं मी धरून चालतो.

२०१० उलटलं आणि त्या नव्या मच्छरदाण्या माझ्या हातात पडल्या. सरकारी नाव, 'दीर्घकालीन कीटकनाशक भारित मच्छरदाणी'. हे नाव गावात उच्चारून बघा एकदा. आम्ही 'औषधाची जाळी' म्हणायचो. औषध कारखान्यातच धाग्याला असं बसवलेलं, की वीस वेळा धुतली तरी टिकतं, तीनेक वर्षं काम देते. दर दोन माणसांमागे एक. आता टब नाही, हातमोजे नाहीत, मासे नाहीत. मला वाटलं, सुटलो.

पहिल्याच गावात पुन्हा माती खाल्ली.

पाकिटावर लिहिलेलं असतं की वापरण्याआधी जाळी एक दिवस सावलीत उघडी टांगून ठेवा. त्यामागं कारण आहे. घडीत बंद राहिलेल्या जाळीवरचं औषध सुरुवातीला नाकातोंडाला झोंबतं, वारा लागला की शमतं. मी पाकिटं वाटली संध्याकाळी. आभाळ दाटलेलं, नाला भरण्याआधी निघायचं होतं. सह्या-अंगठे घेतले आणि पळालो. लोकांनी त्याच रात्री पाकिटं फोडून जाळ्या अंगावर घेतल्या. सकाळी निम्मं गाव तोंड चोळत बसलेलं. गाल चरचरतात, डोळ्यांतून पाणी, पोरं शिंकतायत. सगळ्या जाळ्या परत पाकिटात, पाकिटं पेटीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं, डास चावला तर उद्या ताप येईल किंवा येणार नाही, ही तर आजच चावते.

त्या गावातल्या जाळ्या पेटीतून बाहेर काढल्या त्या मी नाही, ढेकणांनी.

एका आजीनं जाळी अंगावर घ्यायची नाही म्हणून घडी करून खाटेवर चादरीखाली टाकली होती, मऊ लागावं म्हणून. आठवड्यानं तिच्या लक्षात आलं की रात्री अंग खाजत नाही. खाट उलटी करून आपटली तर सुतळीच्या गाठीतून मेलेले ढेकूण पडले. आजीनं ते पानावर गोळा केले आणि शेजारणीला दाखवले. शेजारणीनं तिच्या शेजारणीला. मी पुढच्या फेरीला गेलो तेव्हा अंगणाअंगणात खाटा उलट्या पडलेल्या. दोन महिने घसा कोरडा करून मी जे सांगत होतो ते एका पानभर ढेकणांनी करून दाखवलं. तेव्हापासून मी कुठल्याही नव्या गावात डासाचं नाव आधी घेत नसे. आधी ढेकूण, मग डास.

याला एक शेपूट आहे. वर्ष-दीड वर्षानं ढेकूण परत यायला लागले. ढेकूण चिवट, औषधाला लवकर निर्ढावतो. लोक म्हणाले, औषध संपलं, आणि जाळ्या काढून कोंबडीच्या पिल्लांवर टाकल्या. मग मला दारोदारी सांगावं लागलं की ढेकणाला लागत नाही, पण डासाला अजून लागतं. तुम्हीच शिकवलं ढेकूण बघा म्हणून, आता तुम्हीच म्हणता ढेकणाकडे बघू नका! बरोबर होतं त्यांचं.

औषधाची जाळी आणि साधी जाळी यांतला फरक समजावून सांगणं मला फार आवडायचं, कारण त्यात गणित आहे आणि गणित बोटांवर होतं. साधी जाळी म्हणजे कुंपण. भोक पडलं की संपलं. हात जाळीला टेकला तर डासीण बाहेरून सोंड खुपसते. बाजारात मिळतात त्या बहुतेक अशाच. औषधाच्या जाळीवर ती बसली की तिच्या पायांतून औषध चढतं, मज्जातंतूंचा ताबा सुटतो, फडफडते आणि पडते. म्हणून एखाद-दोन भोकं असलेली औषधाची जाळीही साध्यापेक्षा बरी.

आता गणित. डासिणीनं तापातल्या माणसाचं रक्त प्यायलं म्हणून ती लगेच दुसऱ्याला ताप देऊ शकत नाही. ते जंतू तिच्या पोटात वाढून सोंडेपर्यंत यायला दहा-बारा दिवस लागतात. दर दोन-तीन दिवसांनी तिला पुन्हा रक्त लागतं. म्हणजे धोकादायक व्हायच्या आधी तिला चार-पाच वेळा कुणाच्या तरी घरात शिरावं लागतं. मी पोरांना हाताची पाच बोटं दाखवायचो. पहिल्या घरी जाळी, दुसऱ्या घरी जाळी, तिसऱ्या घरी... कुठंतरी पडणारच. गावातल्या बहुतेक घरांत जाळ्या असल्या तर म्हातारी डासीण शिल्लकच राहत नाही, आणि ताप देणारी असते ती म्हातारीच. जाळीबाहेर झोपलेल्या माणसालाही त्याचा फायदा. यावर एक म्हातारा म्हणाला, "मग मी बाहेरच निजतो. बाकीचे निजले ना आत!"

एका प्रशिक्षणात साहेबांनी पडद्यावर आकडा दाखवला होता. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात मलेरियाचे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले आणि त्यातले ६८ टक्के एकट्या औषधाच्या मच्छरदाण्यांमुळे. बाकी सगळे उपाय मिळून उरलेले. मागच्या बाकावरून आमचा एक सहकारी कुजबुजला, "तिथं खिळे ठोकायला सुतार दिला असन."

गंमत नाही, खिळ्याचाच प्रश्न होता. कुडाचं घर डोळ्यांसमोर आणा. बांबूच्या तट्ट्यावर मातीचा गिलावा, त्यात खिळा ठोकला की ढेकूळ हातात येतं. आढं उंच. झोपायची जागा ठरलेली नाही. थंडीत सगळे विस्तवाभोवती, उन्हाळ्यात अंगणात, पाव्हणा आला की म्हातारा ओसरीवर. जाळी चौकोनी, तिला चार कान. दोन दोऱ्या मयालीच्या खांबांना गेल्या. तिसरी दाराच्या चौकटीला. चौथी?

चौथी मी काय काय ठिकाणी बांधलेली पाहिली आहे सांगू? धानाच्या कणगीला. उखळात उभ्या केलेल्या मुसळाला. भिंतीला टेकवलेल्या नांगराला. एका घरी चौथी दोरी बकरीच्या खुंट्याला होती. खुंटा घराच्या आत, कारण बिबट्याच्या भीतीनं बकरी आत. मध्यरात्री बकरी उठली, तिचं दावं आणि जाळीची दोरी गुंतली, आणि तिनं नवरा-बायको-पोर अख्ख्या जाळीसकट दारापर्यंत ओढत नेले. मी त्या रात्री शेजारच्या घरी मुक्कामाला होतो. ओरडा ऐकून मला वाटलं वाघच शिरला. बॅटरी मारली तर जाळीत तिघं माशासारखे, आणि बकरी दारात उभी राहून ओरडतेय.

त्यावर तोड काढली ती मी नाही, त्याच घरच्या बाईनं. तिनं खाटेच्या चार पायांना चार बांबू उभे बांधले आणि जाळी त्यांच्यावर टाकली. आता खाट जिथं जाईल तिथं जाळी. घरात, अंगणात, मांडवाखाली. चारही दोऱ्या खाटेच्याच. तिचा फोटो काढायला हवा होता. तेव्हा माझ्याकडे साधा फोन होता. पण मी ते पुढं प्रत्येक गावात सांगत गेलो, आणि एका बैठकीत साहेबांपुढंही मांडलं. साहेब म्हणाले, "हे ठीक, पण वाटप किती झालं?"

वाटप १०० टक्के झालं होतं. वाटप नेहमीच १०० टक्के होतं. फॉर्मात त्याच्या शेजारचा रकाना वापराचा, तो भरायचा तर रात्री नवाला गावात असावं लागतं, आणि आमच्याकडे रात्री कुणी सहसा फिरत नसे. त्यामुळं तो रकाना दिवसा, ओसरीवर बसून भरला जायचा. "जाळीत निजता का?" "निजतो." लिहा, होय. मी मुक्कामाला राहून जेव्हा जेव्हा खरंच मोजलं, तेव्हा चित्र वेगळं असायचं. एका घरी तीन जाळ्या, पैकी एक बांधलेली, तिच्यात कर्ता पुरुष एकटा. गरोदर सून खाली चटईवर. मला फार राग आला. पण रागवायला मी कोण? आशाताईनं दुसऱ्या दिवशी सासूला विहिरीवर गाठलं, काय बोलली कुणास ठाऊक. पुढच्या फेरीला सून जाळीत होती आणि कर्ता पुरुष ओसरीवर.

पांढऱ्या जाळीचा आणखी एक घोळ. घरात चूल आणि विस्तव, त्यामुळं महिन्याभरात जाळी काळी. काळी झाली की नीटनेटकी बाई ती धुणारच. कशी धुणार? सोडा टाकून भिजवून, नाल्यावर दगडावर आपटून, कडक उन्हात झुडपावर वाळत टाकून. म्हणजे औषध घालवायचे तिन्ही उपाय एकाच दुपारी. साध्या साबणानं, थंड पाण्यात, घरच्या घमेल्यात हलकी धुवा, सावलीत वाळवा, नाल्यावर नेऊ नका. नाल्यावर का नको हे सांगताना मला त्या डोहाची आठवण व्हायची आणि माझा आवाज आपोआप खाली यायचा. जिथं ती गोष्ट माहीत होती तिथं कुणी पुढचं विचारत नसे.

आणि ऑक्टोबर आला की घरातल्या सगळ्या जाळ्या निरुपयोगी. धान भरलं की रानडुकरांपासून राखायला माणसं शेतात मचाणावर निजतात. नाला शेजारी, बांधीत पाणी, अंगावर एक चादर. मार्चमध्ये मोह वेचायला पहाटे अंधारात जंगलात, मेमध्ये तेंदूपत्त्याला मुक्काम. ज्या जोडप्यांनी जाळी घडी करून खांद्यावरून शेतात नेली ती मी बोटांवर मोजू शकतो. त्यातलं एक जोडपं मचाणाच्या चार खांबांना जाळी बांधायचं. मचाणाला चार खांब असतातच! घरापेक्षा तिथं सोपं, हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

माझं स्वतःचं सांगायचं राहिलं. एका पावसाळ्यात नाला उतरेना म्हणून एका गावच्या शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम पडला. माझ्या पिशवीत मच्छरदाणी होती. लोकांना वाटायची होती ती नव्हे, ती स्टॉकची, तिला हात लावायचा नाही. माझी घरची, सुती, लग्नातली, औषधाचा थेंब न लागलेली. व्हरांड्याला तीन खांब. चौथी दोरी हातात घेऊन मी पाच मिनिटं उभा होतो. पाय दुखत होते. ती उशाखाली दाबली आणि झोपलो. सकाळी जाळी माझ्या उजव्या दंडाला चिकटलेली, आणि दंडावर रांगेनं गांधी.

बाराव्या दिवशी हुडहुडी भरली. स्वतःच स्वतःच्या बोटाला सुई टोचली, मलेरिया तपासायच्या किटवर थेंब टाकला, घड्याळ लावून बसलो. कंट्रोलची रेघ उमटली, तिच्या शेजारी पीएफची. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया. मेंदूपर्यंत जातो तो हाच. गोळ्यांच्या ज्या रंगीत पाकिटांचं वाटप मी करायचो (बाळाला गुलाबी, मोठ्यांना पांढरं) त्यातलं पांढरं पाकीट फोडलं. तीन दिवसांच्या गोळ्या, दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन. वेळेत कळलं म्हणून मी हे लिहायला बसलो आहे. बायको तेव्हा ब्रह्मपुरीला होती. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "दुनियेला जाळ्या वाटता, आणि आपली बांधता येत नाही?"

रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरनं २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. ते डास त्यानं हुसेन खान नावाच्या रुग्णाला चाववून घेतले होते, दर डासामागे एक आणा देऊन. हुसेन खानला झोपवलं होतं मच्छरदाणीत आणि डास सोडले होते आत! सगळ्या डासदिनाच्या भाषणांत मी हे सांगायचो आणि पोरं हटकून विचारायची, एका आण्यात काय यायचं. मला ते कधी नीट सांगता आलं नाही.

नव्या जाळ्या आल्यात म्हणे, दोन-दोन औषधांच्या, कारण डास जुन्या औषधाला सरावायला लागलेत. देशातून २०३० पर्यंत हिवताप संपवायचं ठरलं आहे. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, मोबाईलवर सगळं भरतो. परवा त्याचा फोन आला होता. म्हटलं, "जाळ्या आल्या का?" म्हणाला, "आल्या, वाटप सुरू आहे." मी म्हटलं, "एक दिवस उघड्या टांग." म्हणाला, "माहीत आहे सर." मग थोडं थांबून म्हणाला, "सर, एका गावात सिमेंटची घरं झालीत घरकुलात. तिथं खिळाच शिरत नाही भिंतीत. काय करू?"

"खाटेला बांबू," मी म्हटलं.

"खाटा गेल्या सर. दिवाण आले."

सुतारानं परवा हुक लावले. तीन. चौथ्या कोपऱ्यात खालपासून वरपर्यंत काचेची सरकती खिडकी आहे, तिथं ड्रिल चालत नाही. रात्री मी दोरी हातात घेऊन उभा होतो. बायकोनं पाहिलं, उठली, दोरी माझ्या हातून घेतली आणि कपाटाच्या कडीला बांधून टाकली. आता सकाळी मच्छरदाणी सोडल्याशिवाय कपाट उघडत नाही.